छत्तीसचा आकडा

या अंकासाठी बाईंनी "आमचा खेळ" असा विषय दिला होता. आम्ही दोघे भाऊबहीण एकाच शर्यतीत होतो, म्हणून बाईंना विचारून दोघांनी मिळून एकच लेख लिहिला आहे. (ताई अकरावीत, धाकटा नववीत.) जोडाक्षरे आईने तपासली. बाबांना मात्र काही तपासू दिले नाही, कारण लेख बराचसा त्यांच्याबद्दल आहे!

आधी एक गंमत. कागदावर मराठीत ३६ लिहून पाहा. ३ चे तोंड डावीकडे आणि ६ चे उजवीकडे. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. म्हणून दोन माणसांचे पटत नसले की त्यांचा "छत्तीसचा आकडा आहे" असे म्हणतात. इंग्रजीत लिहिलेल्या आकड्यात ही गंमत दिसत नाही. आमच्या घरी गेल्या वर्षी हा आकडा फार वेळा आला.

दीड वर्षापूर्वी ऑक्टोबरमध्ये, अंगणातली पाने गोळा करताना बाबांच्या छातीत दुखायला लागले. आईने लगेच ९११ ला फोन केला. हृदयाकडे रक्त नेणारी एक नळी जवळजवळ बुजली होती. डॉक्टरांनी मनगटातून बारीक तार घालून तिथे स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे जाळीची छोटी नळी. बॉलपेनमधल्या स्प्रिंगपेक्षाही लहान असते. तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले आणि जिना चढताना मध्येच थांबले. ते असे थांबलेले आम्ही पूर्वी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर त्यांना व्यायामाच्या वर्गाला पाठवले. हृदयाच्या आजारानंतर अमेरिकेत असा वर्ग सुचवतात. आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे, म्हणजे एकूण ३६ वेळा. अंगाला तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचे आणि उभ्या सायकलचे पायडल मारायचे. बाकीची मंडळी बहुतेक सत्तरीच्या पुढची होती, आणि बाबा पन्नाशीचे. छत्तिसाव्या दिवशी त्यांना एक प्रमाणपत्र मिळाले. ते फ्रिजवर आमच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी लावून बाबा म्हणाले, "छत्तीस दिवस झाले. आता छत्तीस मैल."

हे छत्तीस मैल कुठले ते सांगतो. मिशिगनच्या पश्चिम भागात बॅरी काउंटी आहे आणि तिचे मुख्य गाव हेस्टिंग्ज. ट्रॉयहून गाडीने सव्वादोन-अडीच तास लागतात. तिथे २००९ सालापासून दर वसंतात कच्च्या रस्त्यांवरून सायकलची मोठी शर्यत होते. तिचे नाव बॅरी-रूबे. फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे ही १८९६ साली सुरू झालेली फार जुनी शर्यत आहे. ती दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाते आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून त्याच रस्त्यावरचा एक दगड देतात. (आजी म्हणाली, "एवढं दमून शेवटी पाटाच घरी आणायचा?") त्या नावावरून बॅरी काउंटीच्या लोकांनी हा विनोद केला आहे. आता तिथे हजारो सायकलस्वार येतात. कोणी खास खडीसाठी बनवलेल्या सायकली आणतात, कोणी माउंटन बाइक, कोणी दोघांनी मिळून चालवायची सायकल. अंतरेही वेगवेगळी असतात. त्यातले एक ३६ मैल, म्हणजे जवळजवळ ५८ किलोमीटर.

बाबांनी हे जाहीर केल्यावर घरात पंधरा दिवस खरोखरच छत्तीसचा आकडा होता. आई नाशिकची. नाशिकच्या माणसांना सायकलचे कौतुक सांगावे लागत नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन या भावांनी "रेस अक्रॉस अमेरिका" ही शर्यत पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तर २०१७ साली हीच शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. बाबांनी ही सगळी नावे घेतली. आई म्हणाली, "ते स्वतः डॉक्टर आहेत. तुम्ही पेशंट आहात."

शेवटी बाबांच्या डॉक्टरांनाच विचारले. त्यांनी पट्ट्यावर पळवून तपासणी केली आणि परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. नाडी मिनिटाला १३० च्या वर जाऊ द्यायची नाही. (औषधामुळे बाबांची नाडी मुळातच हळू चालते, म्हणून हा आकडा लहान.) पहिला अर्धा तास अगदी सावकाश जायचे, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. आणि सायकल चालवताना सहज बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला असे समजायचे. चौथी अट आईची होती. ती बाबांना नव्हती, आम्हाला होती: "त्यांना एक मिनिटही एकटं सोडायचं नाही."

आता सलग चार तास काय बोलणार? बाबांनी सोपा उपाय काढला. ते पाढे म्हणणार! बाबांच्या लहानपणी पुण्याच्या शाळेत तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेत. आजोबांच्या वेळी तर पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचेसुद्धा पाढे असत. आपल्या वर्गात आपण दहापर्यंत म्हणतो आणि तेवढ्यातच आपल्याला घाम फुटतो. बाबांचा सगळ्यात आवडता पाढा एकोणतीसचा, कारण तो सगळ्यात अवघड. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. शंभराच्या पुढचे आकडे ते जुन्या पद्धतीने म्हणतात. ते आम्हाला नीट येत नाहीत, पण बाबा कुठे अडखळले ते बरोबर कळते.

नोव्हेंबरपासून तयारी सुरू झाली. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर सायकल काढणे कठीण, म्हणून तळघरात सायकल स्टँडवर लावून चालवायची. बाबा पायडल मारत पाढे म्हणत आणि आम्ही वर गृहपाठ करताना जमिनीखालून "एकोणतीस साते" ऐकू येई. घरी आलेल्या एका मैत्रिणीला वाटले, बाबा पूजा करत आहेत.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर आम्ही रॉचेस्टरहून लेक ओरियनला जाणाऱ्या पेंट क्रीक ट्रेलवर जाऊ लागलो. पूर्वी तिथे रेल्वेचे रूळ होते. त्यामुळे रस्ता जवळजवळ सपाट आहे. पण शर्यतीत चढ असतात आणि ट्रॉय तर पोळपाटासारखे! चढ हवे म्हणून ओकलँड काउंटीच्या उत्तर भागातल्या कच्च्या रस्त्यांवर गेलो. तिथल्या टेकड्या हिमयुगातल्या बर्फाने ढकलत आणलेल्या दगडवाळूच्या आहेत. बॅरी काउंटीतल्याही तशाच.

मार्चमधल्या कच्च्या रस्त्यांची एक गोष्ट आम्हाला नव्याने कळली. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि वसंतात वरून खाली वितळत जाते. वरचा थर सुटतो, पण खालचा अजून बर्फच असतो, म्हणून पाणी मुरायला जागा राहत नाही. रस्ता वरून कोरडा दिसतो आणि चाक मात्र शिऱ्यात चमचा रुतावा तसे रुतते. मिशिगनमध्ये या दिवसांत जड ट्रकांवर वजनाची मर्यादा घालतात ती याचसाठी. त्याला सगळे "फ्रॉस्ट लॉ" म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीची शर्यत अवघड का, तर रस्ता तयार नसतो आणि पायही तयार नसतात. जुलैमध्ये हेच ३६ मैल कितीतरी सोपे असतील.

पुण्याहून आजोबांचा दर रविवारी फोन येई. आजोबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते आणि सदाशिव पेठेतून रोज सायकलने जात. मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला ते मित्रांबरोबर बोरघाटात जाऊन बसत. त्या शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात. आजोबांनी सल्ला दिला तो असा: उतारावर छातीला वारा लागतो, म्हणून सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालायचे. आणि शेंगदाण्याचा लाडू खिशात ठेवायचा. आम्ही दोन्ही ऐकले. दोन्ही उपयोगी पडले. (लाडू थंडीत दगडासारखा होतो. लहान लहान करावेत.)

एप्रिलमधल्या त्या शनिवारी पहाटे साडेचारला निघालो. हेस्टिंग्जला पोचलो तेव्हा गाडीतले थर्मामीटर ३६ अंश दाखवत होते. फॅरनहाइट! पुन्हा छत्तीस! बाबा हसले, आई हसली नाही. बारीक पाऊस होता आणि पश्चिमेकडून वारा. गावाच्या मुख्य रस्त्यावर एवढे सायकलस्वार उभे होते की गणपतीच्या मिरवणुकीची आठवण झाली, फक्त ढोल नव्हते. गटागटाने सोडतात. आमचा गट निघाल्यावर सगळे भराभर पुढे गेले आणि आम्ही तिघे डॉक्टरांच्या अटीप्रमाणे सावकाश. मागून येणारे "ऑन युवर लेफ्ट" म्हणत जात होते आणि बाबा शांतपणे "सतरा पाचा पंच्याऐंशी" म्हणत होते. एका बाईंनी मागे वळून विचारले, तुम्ही प्रार्थना म्हणता का? ताई म्हणाली, नाही, गणित.

सुरुवातीलाच तीन चढ एकामागोमाग लागतात. त्यांना थ्री सिस्टर्स म्हणतात. बाबांनी त्यांना "तिघी जावा" असे नाव दिले, कारण एक संपली की दुसरी तयार! त्या चढांवर पुष्कळ जण उभे राहून जोर लावतात. आम्ही सर्वांत हलक्या गिअरवर बसून चढलो. बाबांचा आवाज बारीक झाला पण तुटला नाही. मनगटावरचे घड्याळ १२४ दाखवत होते.

सेगर रोड हा या शर्यतीतला प्रसिद्ध भाग. रस्ता म्हणायचा एवढेच. झाडीतून गेलेल्या दोन चाकोऱ्या, मध्ये वाळू, खड्डे आणि सुटे दगड. इथे आमच्या माउंटन बाइकचे जाड टायर कामाला आले. सपाट रस्त्यावर आम्हाला मागे टाकून गेलेले कितीतरी जण इथे उतरून सायकल हाताने ढकलत होते. आम्ही टायरमधली हवा आधीच थोडी कमी केली होती. हवा कमी असली की टायर पसरतो आणि वाळूत कमी रुततो. त्या तेवढ्या तुकड्यात आम्ही तिघांनी वीसेक जणांना मागे टाकले असेल. बाबा पाढा सोडून ओरडले, "घाटाचा राजा!" घाट कुठेच नव्हता, तरी आम्हीही ओरडलो.

दर अर्ध्या तासाला लाडूचा तुकडा आणि पाणी, असे ठरले होते. लांब शर्यतीत तासाला तीस ते साठ ग्रॅम पिठूळ-गोड पदार्थ पोटात गेले पाहिजेत, नाहीतर दोनेक तासांनी अंगातला साठा संपत येतो आणि पाय एकदम रिकामे होतात. बाविसाव्या मैलापर्यंत सगळे बरे चालले होते. मग रस्ता पश्चिमेकडे वळला आणि वारा समोरून आला. पावसाचे आता बारीक गारठलेले कण झाले होते. हातमोजे भिजले. ब्रेक दाबताना बोटे आपली वाटत नव्हती.

सत्तावीस मैल झाल्यावर एकोणतीसचा पाढा "एकोणतीस साते" पाशी थांबला.

आम्ही वाट पाहिली. बाबांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि या वेळी त्रिकापाशीच थांबले. मग म्हणाले, "पाढे पुरे आता. तुम्ही व्हा पुढे." आम्हाला त्यांच्या आवाजातला बदल कळला. आमच्यातल्या एकाने घड्याळ विचारले. ते म्हणाले, "दिसत नाही, पाणी आलंय त्यावर." आमच्यातल्या दुसऱ्याने सायकल पुढे नेऊन आडवी लावली. वडिलांच्या वाटेत सायकल आडवी लावणे किती कठीण, हे मराठी शाळेतल्या सगळ्यांना सांगायला नको. बाबा चिडले. "काय चाललंय? लोक बघतायत!" लोक खरोखर बघत होते आणि बाजूने जात होते.

घड्याळ पुसले. १४१.

"छातीत दुखतंय का?" नाही म्हणाले. "हात?" नाही. "मग काय होतंय?" बाबा काही बोलले नाहीत. एका शेताच्या कडेला पत्र्याची पेटी होती तिच्यावर बसले. आम्ही आमची कोरडी टोपी त्यांना घातली, पाठीला पाठ लावून वारा अडवला आणि घड्याळाकडे बघत राहिलो. १३३. १२५. ११८. आता काय करायचे यावर आमचे एकमत नव्हते. एकाला वाटत होते आईला ताबडतोब फोन करावा. एकाला वाटत होते थोडे थांबावे, कारण फक्त नऊ मैल उरले होते आणि तळघरातला सगळा हिवाळा आम्ही ऐकला होता. कोणाला काय वाटत होते ते इथे लिहीत नाही. तिथे आम्ही दोघेसुद्धा छत्तीसच्या आकड्यासारखे उभे होतो, एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे.

फोन शेवटी बाबांनीच केला. खिशातून काढला, आईला रस्त्याचे नाव सांगितले आणि म्हणाले, "ये. घाबरू नकोस, ठीक आहे मी. पण ये." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "दुखत नाहीये. पण डॉक्टरांना १३० म्हणालोय, तुम्हालाही म्हणालोय."

आई वीस मिनिटांत आली. तोपर्यंत घड्याळ ९६ वर होते. बाबा गाडीत बसले, हीटर लावला, आणि आईने आम्हाला खिडकीतून विचारले, "तुम्ही?" आम्ही सायकली मागच्या स्टँडला लावायला निघालो होतो. बाबा म्हणाले, "त्या कशाला लावताय? एकटं सोडायचं नाही ही अट माझ्यासाठी होती. मी आता एकटा नाहीये." आईने मान हलवली.

ते नऊ मैल आम्ही जेवढ्या जोरात जाता येईल तेवढ्या जोरात गेलो. चार तास सावकाश गेल्यामुळे पायांत जोर उरला होता. कोणी पाढे म्हणत नव्हते आणि फार शांत वाटत होते. खरे सांगायचे तर मजा आली, आणि मजा येते आहे याचे मध्येच वाईटही वाटत होते. गावात शिरताना लोक दोन्ही बाजूंनी घंटा वाजवत होते. आई एकटीच उभी होती. बाबा गाडीत झोपले होते, तोंड उघडे, छातीवरचे वर्तमानपत्र तसेच.

सोमवारी डॉक्टरांनी पुन्हा सगळी तपासणी केली. हृदय ठीक होते, स्टेंट ठीक होता. थंडी, वारा आणि दमणूक यांनी नाडी चढली होती. थांबलात ते योग्य केलेत, असे त्यांनी सांगितले. बाबांनी हे वाक्य घरी येऊन तीनदा सांगितले. आईने चौथ्यांदा सांगायला लावले.

पण निकालाच्या कागदावर आमची दोघांची नावे होती आणि बाबांचे शर्यत पूर्ण केलेल्यांत नव्हते. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. फ्रिजवरचे प्रमाणपत्र तेवढे काढून खणात ठेवले.

मे महिन्यात, बरोबर चार आठवड्यांनी, आईनेच शनिवारी सकाळी डबे भरले आणि चौघांच्या सायकली गाडीला लावायला सांगितल्या. आईची सायकल म्हणजे पुढे टोपली असलेली, लायब्ररीत जायची! हेस्टिंग्जच्या अलीकडे त्याच शेताजवळ गाडी थांबवली. पत्र्याची पेटी तिथेच होती. ऊन पडले होते, रस्ता घट्ट आणि कोरडा झाला होता. बाबांनी पेटीला हात लावला आणि निघाले. उरलेले नऊ मैल आम्ही चौघे मिळून गेलो. घड्याळ ११९ च्या वर गेले नाही. एका चढावर बाबांनी एकोणतीसचा पाढा दहापर्यंत पुरा म्हटला आणि आईने मागून तिसाचा म्हटला. (तो सोपा असतो, पण आम्ही बोललो नाही.)

गावाच्या मुख्य रस्त्यावर कोणी घंटा वाजवायला नव्हते. शनिवारची खरेदी चालू होती. बाबांनी बँकेच्या घड्याळात वेळ बघितली, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, "३६ मैल, २८ दिवस, ३ तास. घ्या लिहून."

आई म्हणाली, "तेवढ्यात महाजनांनी तीनदा अमेरिका ओलांडली असती."